सीमेवर प्रबंध लिहायचाय? आधी एक सीमा निवडा

प्रबंधांचे मसुदे तपासताना सुरुवातीची काही पानं मी सरळ उलटते. तिथे ‘अवकाश’, ‘सीमा’, ‘प्रदेश’ यांच्या व्याख्या एकाखाली एक मांडलेल्या असतात आणि कुणाचाच कुणाशी संबंध नसतो. त्यापेक्षा एक खरी सीमा घ्या आणि प्रत्येक ज्ञानशाखेला तिच्याबद्दल बोलायला लावा. जिथे त्यांचं आपसात पटत नाही, तिथे तुमचा विषय आहे.

मी शिकवायला पिरेनीजमधलं सेर्दान्याचं खोरं घेते. 1659 च्या तहात फ्रान्स आणि स्पेन यांच्यातली हद्द म्हणून पर्वतरांग मानली गेली. आता उंची दाखवणारा नकाशा उघडा. इथे सीमा शिखरांवरून जातच नाही, सपाट खोरं मधोमध कापते. सेग्रे नदी फ्रान्समध्ये उगम पावते आणि स्पेनमध्ये उतरते. म्हणजे ‘नैसर्गिक सीमा’ हा शब्द मसुद्यात दिसला की आधी भूगोलवाल्याला विचारा.

मग कायद्याकडे वळा. 1660 मध्ये खोऱ्यातली 33 गावं फ्रान्सला द्यायची ठरली. त्याच खोऱ्यातल्या लिव्हियाला मात्र नगराचा दर्जा होता, त्यामुळे ते गावांच्या यादीत बसलं नाही. आजही ते स्पेनचंच आहे, चहूबाजूंनी फ्रान्सने वेढलेलं. तहाचा मजकूर मुळातून वाचायचा तो यासाठी. सारांशात असले बारकावे हमखास गळतात.

इतिहासाला तारीख विचारा, पण तहाची नव्हे, दगडांची. या भागात सीमेचे दगड पद्धतशीर रोवले गेले ते 1860 च्या दशकात. मधल्या दोनशे वर्षांत ही सीमा नक्की कुठे होती? इतिहासकार पीटर साहलिन्स यांनी नेमका हाच काळ तपासला. चराई आणि पाण्याच्या भांडणांत गावकरी स्वतःच ‘आम्ही फ्रेंच’, ‘आम्ही स्पॅनिश’ म्हणू लागले, असं त्यांना दिसलं. दोन्हीकडे भाषा कॅटलानच! मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी 1969 मध्ये मांडलं होतं की समूह कळायचा तर त्याच्या पोटातल्या रूढींपेक्षा त्याची सीमा कशी राखली जाते ते पाहा. ते इथे लागू पडतं का, हे तपासून बघा. नुसतं उद्धृत करून सोडू नका.

अर्थशास्त्र वापरणार असाल तर आकडे जपून. 1995 मध्ये अर्थतज्ज्ञ मॅकॅलम यांनी हिशेब मांडला की अर्थव्यवस्थेचा आकार आणि अंतर सारखं धरलं तरी कॅनडाचे प्रांत अमेरिकेतल्या राज्यांशी जेवढा व्यापार करतात त्याच्या सुमारे 22 पट एकमेकांशी करतात. हा आकडा मसुद्यांत अजून फिरतो. अँडरसन आणि व्हॅन विंकूप यांनी 2003 मध्ये तो फुगलेला असल्याचं दाखवलं. पहिला वाचलात तर दुसराही वाचा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे प्रदेशाचं एकक. भूगोलतज्ज्ञ ओपनशॉ आणि टेलर यांनी 1979 मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या 99 काउंटींचे (जिल्ह्यांसारख्या विभागांचे) निरनिराळे गट पाडले आणि त्याच दोन गोष्टींमधला सहसंबंध, म्हणजे त्या किती बरोबरीने वाढतात-घटतात याचं माप, जवळजवळ उणे एकपासून अधिक एकपर्यंत फिरवून दाखवला. आकडेवारी तीच, रेषा बदलल्या! तेव्हा तुमची विदा (डेटा) जिल्ह्याची, पाणलोटाची की रुग्णालयाच्या सेवाक्षेत्राची, आणि तेच एकक का घेतलं, हे मुख्य मजकुरात लिहा. तळटीपेत ढकलू नका, मी तिथेच पहिला प्रश्न विचारते.