राफ्टखालच्या स्प्रिंगा : ‘के’ किती घ्यायचा?

राफ्टचं, म्हणजे अख्ख्या इमारतीखाली पसरलेल्या एकसंध काँक्रीटच्या पायाचं, पहिलं कॉम्प्युटर मॉडेल हाती आलं की नवा इंजिनिअर विचारतो, “सर, के किती घेऊ?” के म्हणजे मातीच्या जागी धरलेल्या स्प्रिंगांचा ताठरपणा. मी आकडा सांगत नाही. सॉइल रिपोर्ट उघडायला लावतो आणि विचारतो, यातली एसबीसी (सेफ बेअरिंग कपॅसिटी, म्हणजे मातीवर सुरक्षितपणे देता येणारा दाब) किती सेटलमेंट, म्हणजे खचणं, धरून दिली आहे?

कारण के म्हणजे दाब भागिले सेटलमेंट, एवढंच. 1867 साली विंकलरने मातीच्या जागी सुट्या स्प्रिंगा कल्पिल्या, तेव्हापासून हेच चालत आलंय. दाब 200 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आणि सेटलमेंट 25 मिमी असेल तर के 8000 किलोन्यूटन प्रति घनमीटर. तोच दाब 50 मिमीला असेल तर 4000. माती तीच! आणि एसबीसी शिअरवरून (माती घसरून निकामी होण्याच्या मर्यादेवरून) ठरली असेल, तर तिला 25 मिमीने भागण्याला काहीच अर्थ नाही.

प्लेट लोड टेस्टचा (जागेवर लहान प्लेटवर भार देऊन ती किती खचते ते मोजण्याच्या चाचणीचा) के तर थेट वापरूच नका. मृदा-यांत्रिकीचा जनक टेरझागी याने 1955 मध्ये दाखवलं की पायाची रुंदी वाढली की के घटतो. चिकणमातीवर 300 मिमीच्या प्लेटने 30,000 दिला, तर 15 मीटर रुंद राफ्टला त्याच्या सूत्राने उरतात फक्त 600. मोठ्या राफ्टचा दाब खोलवर जातो, तिथली माती प्लेटला कळतच नाही. पुण्यात बेसॉल्ट उथळ लागतो तिथे हा प्रश्न फारसा छळत नाही. मुंबईच्या खाडीकाठच्या मरीन क्लेवर (समुद्राच्या मऊ चिकणमातीवर) मात्र छळतो.

तरी एका गोष्टीने धीर येतो. लांब बीमवर एकच पॉइंट लोड घेऊन हाताने गणित करा. के दुप्पट केला तर लोडखालचा बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम, ज्यावरून स्टील ठरतं) साधारण 16 टक्केच कमी होतो, सेटलमेंट मात्र 40 टक्के. म्हणून निम्मा आणि दुप्पट के घेऊन मॉडेल चालवाच. स्टील फार हलत नाही, पण सेटलमेंटच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

खरी उणीव वेगळीच आहे. विंकलरच्या स्प्रिंगा शेजारणीशी बोलत नाहीत. समान भाराच्या राफ्टला मॉडेल सगळीकडे सारखंच खचवतं; प्रत्यक्षात चिकणमातीवर मधला भाग जास्त बसतो. यासाठी कडेच्या पट्ट्यात मधल्यापेक्षा जास्त, बरेचदा दुप्पट, के देतात. मला त्याहून पटणारी रीत म्हणजे मॉडेलमधले दाब जिओटेक्निकल कन्सल्टंटकडे पाठवायचे, मध्यावरची आणि कडेची सेटलमेंट मागायची, त्यावरून भागाभागाचा नवा के काढायचा आणि मॉडेल पुन्हा चालवायचं. दोन-तीन फेऱ्यांत आकडे बहुधा स्थिरावतात.

स्प्रिंगा हाताने देत असाल तर के गुणिले त्या नोडच्या (मॉडेलच्या जाळीतल्या छेदबिंदूच्या) वाट्याचं क्षेत्रफळ घ्या. अर्ध्या मीटरच्या जाळीत 8000 ला आतल्या नोडवर 2000, कडेला 1000, कोपऱ्यात 500 किलोन्यूटन प्रति मीटर. आणि त्या फक्त कॉम्प्रेशन घेणाऱ्या ठेवा, नाहीतर भूकंपाच्या लोड केसमध्ये माती राफ्टला खाली ओढून धरताना दिसेल.