सुट्या हेडवर व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलताना

आयटीआय करून गॅरेजात लागलेल्या मुलाच्या हाती हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, खोलायचं काम लवकरच येतं. हात बसवायला जुन्या मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन उत्तम. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, म्हणजे सहा स्प्रिंग, सहा रिटेनर (स्प्रिंगच्या डोक्यावरची चकती), सहा सील (दांड्यावरून तेल उतरू न देणारे) आणि बारा लॉक (रिटेनर दांड्याच्या खाचेत अडकवणारे अर्धे तुकडे, दर व्हॉल्व्हला दोन). तेच सोळा व्हॉल्व्हच्या हेडला बत्तीस लॉक होतात, आणि त्यातलं एक जरी बाकाखाली घरंगळलं तरी काम अडतं. म्हणून खाली पांढरं कापड अंथरा आणि चार लॉक जास्तीचे आणून ठेवा. सील सगळे नवेच घ्यायचे. जुना काढून परत बसवलेला सील तेल सोडणारच.

खोलण्याआधी पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यावर नंबर घाला. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गाइडमधला (दांडा सरकतो ती नळी) आणि कुठला रॉकर (कॅमच्या जोराने व्हॉल्व्ह दाबणारा) कुठल्या जागेचा, हे तिथेच लावत जायचं. झिजलेले भाग एकमेकांशी जुळलेले असतात, अदलाबदल झाली की खडखड सुरू होते.

स्प्रिंग कंप्रेसर लावला, स्क्रू आवळला, आणि रिटेनर हलतच नाही, असं हमखास होतं. लॉक रिटेनरच्या टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात, रुतलेले असतात. तिथे जोर वाढवू नका, कंप्रेसरच वाकतो. तो काढून ठेवा, व्हॉल्व्हच्या डोक्याखाली लाकडाचा ठोकळा द्या, रिटेनरवर योग्य मापाचा सॉकेट उभा धरा आणि हातोडीचा एक नेमका ठोका द्या. टेपर सुटतो. या ठोक्याने कधीकधी लॉक उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच आणि तोंड स्प्रिंगच्या रेषेत नको. मग कंप्रेसर परत लावून लॉक मोकळे होतील इतकंच दाबा आणि ते चुंबकाने उचला. त्याहून जास्त दाबल्यास रिटेनर सीलवर आपटतो.

व्हॉल्व्ह ओढून काढण्याआधी दांड्याच्या टोकावर बोट फिरवा. रॉकरचा मार खाऊन टोकाला किंवा लॉकच्या खाचेला कंगोरा आलेला असेल तर तो नखाला लागतो. ऑइलस्टोनने आधी तो साफ करा. तसाच ओढलात तर गाइडच्या आत ओरखडा पडतो, आणि पाचशेच्या कामाला गाइड बदलायचा खर्च चिकटतो.

आता स्प्रिंग. मोकळी लांबी व्हर्नियरने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. मग सपाट प्लेटवर गुण्याला टेकवून स्प्रिंग हळूहळू फिरवा. वरच्या टोकाशी फट पडते ती फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. दीड-दोन मिलिमीटरवर गेली तर स्प्रिंग वाकडी, बाद. तारेवर गंजाचे खड्डे दिसले तर लांबी बरोबर असूनही बाद, कारण तार तुटायला सुरुवात तिथूनच होते. याच कारणाने स्प्रिंग पकडीने धरायची नाही आणि घासायचीही नाही. ताण मोजायचं टेस्टर नसेल तर जुनी आणि नवी स्प्रिंग एकापुढे एक, मधे जाड वॉशर आणि आतून लांब बोल्ट घालून व्हाइसमध्ये सावकाश दाबा. दोन्हींवर जोर सारखाच असतो, त्यामुळे जुनी जास्त दबली की ती मऊ पडलेली आहे हे उघड दिसतं. एकच तुटली असली तरी पूर्ण सेट बदलावा. बाकीच्याही तेवढ्याच किलोमीटर चाललेल्या असतात.

पण नवी स्प्रिंग टाकूनही वरच्या आरपीएमला इंजिन मिस करतं, अशा तक्रारी येतात. तिथे बहुतेकदा बसवलेली उंची, म्हणजे बसवल्यावर स्प्रिंगला मिळणारी जागा, कोणी मोजलेली नसते. लेथवर व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटचं कटिंग झालं की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत जातो, दांडा तितकाच वर येतो आणि रिटेनरही वर सरकतो. स्प्रिंगला जागा वाढते, ताण कमी होतो. स्प्रिंग मिलिमीटरला ३० न्यूटनची असेल तर एक मिलिमीटर जास्तीच्या उंचीला सुमारे ३ किलोचा दाब गेला. म्हणून आधी स्प्रिंगशिवाय व्हॉल्व्ह, रिटेनर आणि लॉक जोडा, रिटेनर वर ओढून धरा, आणि स्प्रिंगखालच्या सीटपासून रिटेनरच्या बैठकीपर्यंतचं अंतर मोजा. जास्त भरलं तर स्प्रिंगच्या खाली, हेडच्या बाजूला, तेवढ्या जाडीची शिम, म्हणजे पातळ चकती, घाला. मनानेच दोन-दोन शिम घालणारेही भेटतात. त्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना वेढे एकमेकांना टेकतात, मग कॅम आणि रॉकर दोन्ही खराब होतात.

जोडताना आधी स्प्रिंगखालची स्टीलची सीट, मग सील. सीट विसरली तर स्प्रिंग अॅल्युमिनियम खात जाते. दांड्याला तेल लावा आणि लॉकच्या खाचेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर खाचेची धार सीलचा ओठ कापते. स्प्रिंगचे वेढे एका टोकाला दाट असतील तर ते टोक हेडकडे.

लॉक ग्रीसने दांड्याला चिकटवा, निमुळतं टोक खाली. कंप्रेसर हळू सोडा आणि बॅटरीच्या उजेडात वरून बघा: दोन अर्ध्यांमधली फट दोन्हीकडे सारखी आणि वरच्या कडा एका पातळीत हव्यात. एक अर्धा वर राहिला असेल तर परत दाबा. दोन्ही अर्धे एकमेकांना भिडले असतील तर लॉक झिजलेले किंवा दुसऱ्या गाडीचे आहेत, ते चालणारच नाहीत. चालत्या इंजिनात लॉक निसटला की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर पडतो. शेवटी दांड्याच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या, म्हणजे लॉक नीट बसतात.

मग प्लग लावून हेड उलटं करा, चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि पाच मिनिटं पोर्टमध्ये बघा. ओल आली तर तो दोष व्हॉल्व्हच्या सीटचा किंवा लॅपिंगचा (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवण्याचा). कडक स्प्रिंगने तो झाकता येत नाही.

कॅम आणि रॉकर चढवल्यावर हेड सपाट बाकावर टेकवू नका. काही व्हॉल्व्ह उघडे राहून बाहेर डोकावत असतात, ते वाकतात. दोन्ही टोकांना लाकडाचे ठोकळे द्या. हेड गाडीवर बसलं, टायमिंग बेल्ट लागला आणि टॅपेट क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) जुळला की स्टार्टर मारण्याआधी क्रँक पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडकलं तर जोर न लावता टायमिंगच्या खुणा परत बघा.