वणव्याच्या झुडूपरानात सख्ख्या जाती एकत्र कशा टिकतात, हे कसे तपासावे

दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील फाइनबॉस, नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील क्वोंगन आणि कॅलिफोर्नियातील चॅपरल ही झुडूपराने अधूनमधून पेटतात, आणि तिन्हींमध्ये एकाच प्रजातीतील (जीनसमधील) अनेक जाती शेजारीशेजारी वाढतात. केपमध्ये एकट्या एरिका या झुडूपवर्गीय प्रजातीच्याच सहाशेहून अधिक जाती आहेत. इतक्या जवळच्या नात्यातील झुडपांपैकी एखादीने बाकीच्यांना हुसकून का लावले नाही, याचा शोध रानात जाऊन घ्यायचा असेल तर आधी आग, मग पाणी आणि शेवटी फूल हा क्रम पाळावा. बहरातील झुडपांपासून सुरुवात केली की ठळक दिसणाऱ्या फरकांनाच महत्त्व दिले जाते आणि प्रत्यक्ष निकाल लावणारे फरक नजरेतून सुटतात.

प्रथम खरोखर एकाच उतारावर मिसळून वाढणाऱ्या दोन जाती निवडाव्यात. प्रत्येकीच्या बुंध्याशी बसून माती हाताने बाजूला सारावी. तेथे फुगलेली लाकडी गाठ असेल आणि तिच्यातून अनेक खोडे निघालेली असतील, तर ते झुडूप जळाल्यावर पुन्हा फुटण्याची शक्यता मोठी असते. एकच खोड सरळ मुळात उतरत असेल, तर ते बहुधा आगीत मरते आणि पुढची पिढी केवळ बियांवर अवलंबून राहते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एनिॲबाच्या वाळूच्या पठारावर बँक्सिया अटेन्युआटा पुन्हा फुटते, तर तिच्याच शेजारी उभी असलेली बँक्सिया हुकेरिआना वणव्यात मरते. त्यानंतर बिया कोठे साठतात ते पाहावे. बँक्सियाच्या आणि अनेक प्रोटियांच्या बिया झुडपावरच बंद बोंडांत राहतात. प्रोटियांच्याच कुळातील ल्यूकोस्पर्मम या झुडपाच्या बिया मुंग्या जमिनीखाली नेतात. चॅपरलमधील सिॲनोथस या झुडपाच्या बिया मातीत पडून राहतात आणि आगीच्या उष्णतेने त्यांचे कठीण कवच भेगाळले की रुजतात.

हा फरक नेमका कोणाच्या पथ्यावर पडतो, हे दोन वणव्यांमधील अंतरावर ठरते. अंतर फार कमी असेल तर केवळ बियांवर जगणाऱ्या जातीला साठा करायला वेळ मिळत नाही; फारच जास्त असेल तर ती म्हातारी होऊन मरते आणि झुडपावरचा साठाही तिच्याबरोबर संपतो. केपमधील वनव्यवस्थापक म्हणूनच एक व्यवहार्य नियम पाळत आले आहेत: सर्वांत उशिरा वयात येणाऱ्या जातीची निम्मी झुडपे किमान तीन हंगाम फुलल्याशिवाय रान जाळू नये. तुमच्या जागेचा आगीचा इतिहास उपग्रहचित्रांतून काढावा, आणि शेवटच्या आगीनंतर उगवलेल्या प्रोटियांच्या किंवा बँक्सियांच्या फांद्यांवरील वार्षिक पेरे मोजून तो पडताळावा. पीटर चेसन आणि रॉबर्ट वॉर्नर या परिसंस्था अभ्यासकांनी १९८१ मध्ये मांडलेला विचार येथे फार उपयोगी पडतो: परिस्थिती सतत बदलत असेल आणि प्रत्येक जातीकडे वाईट काळ निभावून नेणारी दीर्घायुषी झाडे किंवा बियांचा साठा असेल, तर आज एकीला आणि उद्या दुसरीला संधी मिळत दोघीही टिकू शकतात.

वणव्यानंतरचे काम सर्वांत मोलाचे आहे आणि नेमके तेच बहुतेक वेळा टाळले जाते. जळून काळे पडलेले सांगाडे बराच काळ उभे राहतात आणि त्यांच्यावरील उघडलेल्या बोंडांवरून जात ओळखता येते. आखलेल्या चौकटीत प्रत्येक जातीचे सांगाडे मोजावेत, पहिल्या पावसाळ्यानंतर रोपे मोजावीत आणि एका सांगाड्यामागे किती रोपे आली ते काढावे. बीजपत्रांवरून सख्ख्या जाती ओळखण्याची घाई करू नये. रोपाशेजारी खुंटी रोवून खरी पाने येईपर्यंत थांबावे. एखादी जात आगीपूर्वी जेथे दाट होती तेथे तिचे हे गुणोत्तर कमी आणि जेथे ती विरळ होती तेथे जास्त भरले, तर ती स्वतःलाच आवर घालते आणि दुसरीला जागा मिळते, असे मानायला भक्कम आधार मिळतो. दोन जातींत नुसता फरक सापडणे हा त्या एकत्र टिकून राहतात याचा पुरावा नव्हे.

हीच रोपे पहिल्या कोरड्या ऋतूनंतर पुन्हा मोजावीत, कारण पाण्याचा प्रश्न तेव्हा समोर येतो. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका डोंगरांत सिॲनोथस मेगाकार्पस आगीत मरते, पण तिची रोपे दुष्काळ चांगला सोसतात. सिॲनोथस स्पिनोससची रोपे दुष्काळात अधिक मरतात, मात्र तिची जुनी झुडपे पुन्हा फुटतात. एकीची उणीव दुसरीची ताकद ठरते, हे मला या विषयातील सर्वांत सुंदर उदाहरण वाटते. केपमधील रेस्टिओ ही लव्हाळ्यासारखी झाडे तर भूजलाच्या खोलीतील लहानसहान फरकांनुसारही विभागलेली आढळतात, म्हणून चौकटी उताराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत एका रेषेत आखाव्यात आणि प्रत्येकीत मातीचा ओलावा ऋतूनुसार नोंदवावा.

शेवटी दोन्ही जाती केव्हा फुलतात ते नोंदवावे. फुलोऱ्याच्या या तारखा मात्र रस्त्याकडेच्या झुडपांवरून कधीही घेऊ नयेत. बँक्सिया हुकेरिआना आणि बँक्सिया प्रिओनोटेस अस्पर्शित रानात वेगवेगळ्या वेळी फुलतात. रस्त्याकडेसारख्या जमीन विस्कटलेल्या ठिकाणी ती जोमाने वाढतात, त्यांचे बहर एकमेकांवर येतात आणि संकर निपजतात. अशी संकरित झुडपे चौकटीत आढळली तर त्यांची स्वतंत्र नोंद करावी आणि ती दोन्ही जातींच्या मोजणीतून वगळावीत.