संत्र्याच्या सालीचे तेल अल्जिनेटच्या मण्यांत कसे बंद करावे

संत्र्याच्या सालीच्या तेलात 90 टक्क्यांच्या वर लिमोनीन असते, आणि लिमोनीनला पळून जायला निमित्त लागत नाही. ते हवेत उडते. हवेतल्या ऑक्सिजनने त्याचा वास बिघडतो, आणि असे बिघडलेले तेल त्वचेला ॲलर्जी आणू शकते. म्हणून ते पॉलिमरच्या मण्यांत कोंडायचे; इथे तो पॉलिमर म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट. तेलात विरघळणारी औषधे, जीवनसत्त्व ड किंवा इ, हीसुद्धा याच रीतीने बंद करतात. पण सरावाला संत्र्याचे तेलच बरे, नागपुरात सालीला तोटा नाही. हे मणी मात्र प्रयोगापुरते आहेत, पोटात घ्यायचे नाहीत.

सामान: सोडियम अल्जिनेट 2 ग्रॅम, तेल 5 मिली, ट्वीन 80 (तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ) अर्धा ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर 100 मिली. बाथसाठी, म्हणजे थेंब ज्यात पडून कॅल्शियममुळे गोठतात त्या द्रावणासाठी, 200 मिली पाण्यात 6 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. बाटलीवर ‘ॲनहायड्रस’ (पाणीविरहित) लिहिले असेल तर साडेचार ग्रॅम पुरे, पण ते विरघळताना पाणी तापते, त्यामुळे थंड होऊ द्या. बोअरचे पाणी वापरू नका. त्यातल्या कॅल्शियममुळे अल्जिनेट आधीच गोठू लागते आणि मग सुई तुंबते.

पाणी जोरात ढवळत ठेवा आणि भोवऱ्याच्या कडेला अल्जिनेटची पावडर चिमटी-चिमटीने भुरभुरवा. एकदम ओतली तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या तासन्‌तास फुटत नाहीत. द्रावण झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले की बुडबुडे आपोआप निघतात. बुडबुडे आत्ताच काढायचे, तेल घातल्यावर नाही. तेल घातल्यानंतर व्हॅक्यूम लावला तर बुडबुड्यांबरोबर लिमोनीनही जाते.

दुसऱ्या दिवशी द्रावण साधारण 25 अंशांवर आणा, ट्वीन मिसळा, तेल घाला आणि बीकर बर्फात ठेवून होमोजिनायझर (तेलाचे अगदी बारीक थेंब करणारे यंत्र) मिनिटाला 8 ते 10 हजार फेऱ्यांवर तीन मिनिटे फिरवा. घट्ट दुधासारखे पांढरे दिसले पाहिजे. लगेच थेंब पाडायला घ्या. तेलाची घनता 0.84 च्या आसपास, त्यामुळे सिरिंज उभी धरून वेळ काढला तर तेल वर पिस्टनकडे सरकते. मग पहिले मणी रिकामे आणि शेवटचे तेलकट निघतात, आणि सरासरी आकड्यात हा घोळ दिसतही नाही. सिरिंज काचेची असावी, साध्या सिरिंजच्या पिस्टनवरचे काळे रबर लिमोनीनने फुगून अडकते.

22 गेजची सुई (टोक कापून सपाट केलेली), बाथपासून 8 ते 10 सेंमी उंची, मॅग्नेटिक स्टरर अगदी हळू. मणी साधारण अडीच मिलिमीटरचे होतात. शेपटीवाले आले तर द्रावण जास्त घट्ट आहे. टिकलीसारखे चपटे आले तर द्रावण पातळ किंवा उंची जास्त. उन्हाळ्यात खोली तापली की द्रावण पातळ होते, तेव्हा अल्जिनेट वाढवण्याआधी तापमान पाहा. तेलाचे मणी तरंगू शकतात. तरंगणारे अधूनमधून बुडवत राहा, नाहीतर वरची बाजू कच्ची राहते. 20 मिनिटांनी गाळा आणि डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. कॅल्शियम क्लोराइड अंगावर राहिले तर ते हवेतली ओल ओढते आणि वाळलेले मणी चिकटतात.

तेल कमी भरले की सगळे बाथला दोष देतात. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाबाबत ते खरेच आहे, ते बाथमध्ये धडाधड झिरपते. लिमोनीन मात्र लिटरभर पाण्यात 14 मिलिग्रॅमच्या आतबाहेर विरघळते, म्हणजे 200 मिलीत जेमतेम 3 मिलिग्रॅम. आपण घातले 4 ग्रॅमच्या वर. ट्वीनमुळे थोडे अधिक निसटते, तरी खरी गळती वाळवताना होते: ओले जेल सच्छिद्र असते, आणि पाण्याबरोबर तेलही बाहेर पडते.

म्हणून वाळवण्याआधी कायटोसानचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पॉलिमरचा) लेप द्या. एक टक्का ॲसिटिक ॲसिडच्या 100 मिली पाण्यात अर्धा ग्रॅम कायटोसान रात्रभर ढवळा आणि पीएच 5 वर आणा. 6 च्या वर गेला तर कायटोसानच खाली बसू लागते. त्यात मणी 15 मिनिटे हलवा. अल्जिनेट ऋणभारित, कायटोसान धनभारित, त्यामुळे पृष्ठभागावर दाट पापुद्रा धरतो. मणी एकदा धुऊन नायलॉनच्या जाळीवर एकेरी थरात, पंख्याखाली, सावलीत 24 तास वाळवा. ओव्हन नको. लिमोनीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, 48 अंशांच्या आसपास आहे, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या घरात असतो. हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत काढावे: हवा कोरडी आणि आंबिया बहाराची (हिवाळ्यात तोडणीला येणाऱ्या संत्र्यांची) साल ताजी. पावसाळ्यात मणी नीट वाळतच नाहीत.

तपासणीसाठी मण्यांचे दोन सारखे वाटे करा, एक लेपानंतर ओलाच, दुसरा वाळल्यावर. प्रत्येक वाटा 3 टक्के सोडियम सायट्रेटच्या पाण्यात टाका. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेते आणि जेल सुटते. मग क्लेव्हेंजरवर (वाफेबरोबर निघालेले तेल गोळा करून मोजणाऱ्या काचेच्या उपकरणावर) तीन तास उकळून तेल मोजा. प्रत्येक वाट्यात घातलेले तेल अडीच मिली. 2 मिली मिळाले तर 80 टक्के. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाळवतानाची गळती. ती मोठी असेल तर लेप सुधारा. ओल्या वाट्यातच तेल कमी असेल तर होमोजिनायझर आणि सिरिंजकडे वळा.

वाळलेले मणी रंगीत काचेच्या बाटलीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. थर्माकोलच्या डब्यात नको, सुटलेले तेल त्याला विरघळवते.