शाळा बंद, अभ्यास घरी: मूल अडते तेव्हा काय करावे

शाळा बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अनेक घरांत एक तक्ता तयार होतो. आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा भाषा, मग दहा मिनिटांची सुट्टी, मग परिसर अभ्यास आणि प्रत्येक विषयाला वेगळा रंग. चौथ्या दिवशी तक्ता भिंतीवर असतो, मूल पलंगाखाली असते आणि घरातील मोठी माणसे एकमेकांवर चिडलेली असतात. प्राथमिकच्या वर्गांना बरीच वर्षे शिकवूनही मी स्वतःच्या घरी असे तीन तक्ते लावले आणि तिन्ही माझ्याच हाताने काढले.

करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, जगातील बहुतेक देशांनी शाळा बंद केल्या आणि युनेस्कोच्या गणनेनुसार दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले. त्यानंतरही पूर, उष्णतेची लाट, दूषित हवा, संप अशा कारणांनी शाळा अधूनमधून बंद पडतच असतात आणि दर वेळी तोच सल्ला फिरतो: घरातच शाळा भरवा. हा सल्ला देणाऱ्यांनी वर्गात एक दिवस बसून घड्याळ पाहावे. हजेरी, वह्या काढणे, गोंगाट थांबवणे, मागच्या बाकावरच्या मुलाची पेन्सिल शोधणे, सर्वांचे लिहून होईपर्यंत थांबणे, यांतच शाळेचा बराचसा वेळ जातो. घरी एका मुलाशेजारी एक मोठे माणूस बसलेले असते, त्यामुळे तेवढ्या तासांची गरजच नसते.

वेळ ठरवणे

पहिली-दुसरीच्या मुलाला दिवसाकाठी एकूण एक तास आणि तिसरी-चौथीच्या मुलाला दीड ते दोन तास पुरतात. हा वेळ पंधरा-वीस मिनिटांच्या बैठकांत विभागावा आणि पहिली बैठक रोज एकाच वेळी ठेवावी. ऑनलाइन वर्ग असेल तर तो याच हिशेबात धरावा. आठवडाभर काहीच न करता रविवारी चार तास बसवणाऱ्या पालकांना माझा ठाम विरोध आहे. शिकलेले सुरुवातीला भराभर विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते. विसरण्याच्या बेतात असलेली गोष्ट पुन्हा आठवावी लागली की ती टिकते आणि ते थोडे थोडे रोज केल्यानेच साधते.

काय करायचे ते निवडणे

रोज वाचन, थोडे लेखन आणि थोडे गणित. बाकीचे विषय गप्पांत येतात. लेखन खऱ्या कामाचे असावे: मैत्रिणीला चिठ्ठी, सामानाची यादी, खिडकीतून दिसलेल्या पक्ष्याचे चार ओळींत वर्णन.

मूल अडते तेव्हा

घरच्या अभ्यासाचे बरेवाईट इथेच ठरते आणि इथेच मी सर्वांत जास्त चुकले. वर्गात मूल अडले तर मी शांत राहत असे. माझी स्वतःची मुलगी अडली की माझ्या आवाजाला धार चढायची. यात नवल काही नाही. दुसऱ्याच्या मुलाची चूक ही चूकच दिसते, आपल्या मुलाच्या चुकीत मात्र आपल्याला त्याचे पुढचे सगळे आयुष्य दिसू लागते.

ती तिसरीत असताना ५२ वजा २७ हे गणित तिच्यासमोर होते. तिने ३५ लिहिले. मी म्हणाले, “नीट बघ.” तिने खोडून ३४ लिहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने पुन्हा खोडून ३६ लिहिले. तिसऱ्यांदा खोडताना कागदाला भोक पडले, मी “किती वेळा सांगितलं, हातचा घे!” म्हणून ओरडले आणि ती उठून गेली. संध्याकाळी ती वही पुन्हा पाहताना माझ्या लक्षात आले की दुसऱ्या उत्तरापासून ती गणित करतच नव्हती, माझा चेहरा वाचून उत्तर शोधत होती. आणि तिचे पहिले उत्तर, जे मी वाऱ्यावर सोडले, त्यातच सगळी माहिती होती.

३५ कसे आले? पाचातून दोन गेले, तीन उरले. सातातून दोन गेले, पाच उरले. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा तिचा नियम होता. ६१ वजा ३४ दिले असते तर तिने ३३ लिहिले असते. हे बेफिकिरीचे लक्षण नाही. वजाबाकी शिकणारी असंख्य मुले नेमकी हीच चूक करतात आणि अगदी नियमाने करतात. अशा मुलाला “लक्ष दे” सांगून काही होत नाही, कारण ते लक्ष देऊनच चुकत असते.

तेव्हा पहिले काम हे की उत्तर चुकले आहे असे लगेच सांगू नये. “कसं केलंस ते मला सांग” एवढेच म्हणावे आणि हा प्रश्न बरोबर उत्तरांनाही विचारावा. फक्त चुकल्यावर विचारला तर दोन दिवसांत मुलाला त्या प्रश्नाचा अर्थ कळतो आणि ते बोलण्याआधीच खोडरबर शोधू लागते.

दुसरे काम गप्प बसण्याचे. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. तो वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांब झाली आणि मुलांनी काहीच न बोलण्याचे प्रसंग कमी झाले. तीन सेकंद वाचायला क्षुल्लक वाटतात. अडलेल्या मुलाशेजारी बसून ते मनात मोजून पाहावेत, म्हणजे किती लांब असतात ते कळते. मी हात मांडीखाली दाबून बसत असे, कारण माझे बोट आपोआप वहीकडे जायचे. बसण्याची जागाही महत्त्वाची आहे. समोर बसू नये, शेजारी बसावे. समोर बसले की तोंडी परीक्षा सुरू असल्यासारखे होते आणि मुलाला आपला चेहराही सहज वाचता येतो.

तिसरे काम, गणित कागदावरून उचलून हातात देणे. दुसऱ्या दिवशी मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले, पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि वहीचा उल्लेखही न करता म्हटले, “मला यांतल्या सत्तावीस दे.” तिने दोन गठ्ठे माझ्याकडे सरकवले. मग सुट्ट्या काड्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिले, मी छताकडे पाहिले. बराच वेळ गेला. मग ती स्वतःशीच पुटपुटली, “हा सोडावा लागणार,” आणि तिने एका गठ्ठ्याचे रबर काढले. बारा सुट्ट्या काड्यांतून सात मला दिल्या आणि तिच्याकडे दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरल्या. हातचा म्हणजे काय हे तिला त्या रबराने शिकवले. मी वर्षभर तो शब्द नुसता उच्चारत होते. त्यानंतरही चार-पाच दिवस काड्या आणि वही शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या. काड्या लवकर काढून घेण्याची घाई करू नये.

हे सगळे करूनही मूल रडवेले झाले तर बैठक तिथेच थांबवावी, पण ती हमखास जमणाऱ्या एका लहानशा गणितावर. “हे पूर्ण केल्याशिवाय उठायचं नाही” हे वाक्य मी माझ्या घरातून हद्दपार केले आहे. रडत सोडवलेल्या गणितातून मुलाला गणित नकोसे होते, एवढेच हाती लागते. बक्षिसांबद्दलही स्पष्ट सांगते: पानामागे चिकटचित्र किंवा पैसे देऊ नयेत. मूल लवकरच पान सोडून चिकटचित्रे मोजू लागते आणि सर्वांत पातळ पुस्तक निवडते.

ज्या पालकांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही किंवा मुलाच्या शाळेची भाषा येत नाही, त्यांनी या पायरीला घाबरू नये. “कसं केलंस ते सांग” हा प्रश्न विचारायला उत्तर माहीत असावे लागत नाही. उलट खरोखर माहीत नसलेल्या माणसाला समजावताना मूल अधिक नीट विचार करते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

वाचन ऐकणे

इथेही तेच पथ्य. मूल ‘आश्चर्य’पाशी थांबले तर मनात पाच अंक मोजावेत. तोवर जमले नाही तर शब्द सांगून टाकावा आणि पुढे जाऊ द्यावे. ‘श्चर्य’ची फोड करून दाखवण्याची वेळ ती नव्हे, तोवर गोष्ट थंड होते. अर्थ न बदलणारी चूक सोडून द्यावी. अर्थ बिघडला तर वाक्य संपू द्यावे आणि मग “हे असं कसं झालं असेल?” असे विचारावे, बहुतेक वेळा मूल स्वतःच मागे जाऊन दुरुस्त करते. एका पानावर पाचाहून अधिक शब्दांना अडखळत असेल तर ते पुस्तक आज आपण वाचून दाखवावे. चौथीतले मूल उत्तम वाचत असले तरी त्याला वाचून दाखवणे थांबवू नये, कारण ऐकून समजण्याची त्याची पातळी स्वतः वाचण्याच्या पातळीच्या अजून पुढे असते आणि नवे शब्द तिथूनच येतात.

मनाकडे लक्ष

शाळा बंद पडते तेव्हा मुलाचे फक्त वर्ग बुडत नाहीत. मधल्या सुट्टीतील भांडणे, ठरलेला बाक, घराबाहेरचे स्वतःचे असे स्थान, हे सगळे एका दिवसात जाते आणि त्याचे दुःख त्याला शब्दांत सांगता येत नाही. ते पोटात दुखते म्हणून सांगते, लहान भावंडाला मारते, सुटलेली सवय पुन्हा धरते, अंथरूण ओले करते. यावर शिक्षा करणे किंवा हसणे हा शुद्ध अन्याय आहे.

“तुला कसं वाटतंय?” या थेट प्रश्नाला बहुतेक मुले “बरं” असे म्हणून मोकळी होतात. मला बाजूबाजूने केलेल्या गप्पाच उपयोगी पडल्या: कपड्यांच्या घड्या घालताना, भाजी निवडताना, अंधारात शेजारी पडल्यावर. शाळा का बंद आहे याचे कारण दोन-तीन खऱ्या वाक्यांत सांगावे. कधी उघडणार ते आपल्याला ठाऊक नसेल तर तसेच सांगावे, “सोमवारी उघडेल बहुतेक” अशी खोटी आशा दाखवू नये. बातम्या दिवसभर चालू ठेवू नयेत. तीच पुराची चित्रे दहाव्यांदा दिसली की लहान मुलाला दहा वेळा पूर आल्यासारखे वाटते. आठवड्यातून निदान दोनदा वर्गातील एखाद्या मित्राशी फोनवर किंवा शक्य असेल तर प्रत्यक्ष बोलणे घडवून आणावे आणि ते बोलत असताना “अभ्यास झाला का विचार” असे मागून ओरडू नये.

झोप, भूक, खेळण्यातील रस यांपैकी काही दोन-तीन आठवडे उतरलेलेच राहिले, मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलले किंवा घरातील कोणाची तरी भीती वाटते असे त्याने सुचवले, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. त्याचे म्हणणे खरे मानून ऐकावे आणि डॉक्टरांची किंवा समुपदेशकांची मदत घ्यावी. स्वतःला इजा करण्याचे बोलणे किंवा भीती यांत एक दिवसही वाट पाहू नये.

शरीर

रोज सरासरी किमान एक तास धावपळ, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हा खेळ जमेल तेवढा घराबाहेर व्हावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. पडद्यापुढे दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर, साधारण सहा मीटरवर, पाहायला लावावे.

शाळा उघडण्याआधी

उघडण्याची तारीख कळली की आठवडाभर आधीपासून झोपण्याची वेळ रोज पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. शिक्षकांसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहावी: कोणती पुस्तके वाचली, कशात अडते, काय सोडून दिले. माझ्या मुलीच्या चिठ्ठीत मी लिहिले होते, “हातच्याची वजाबाकी काड्यांनी येते, वहीत अजून कधीकधी चुकते. चुकल्यास कसे केले ते कृपया तिला विचारावे.” त्या चिठ्ठीसोबत रबराने बांधलेले पाच गठ्ठेही दप्तरात ठेवले होते.