बाळ सांभाळायला मावशी शोधताय? या चुका टाळा

“त्यांनी स्वतःची तीन मुलं वाढवलीत, त्यांना आपण काय शिकवणार!” बाळासाठी बाई ठेवताना हे वाक्य बहुतेक घरांत म्हटलं जातं. आमच्या घरात ते मी म्हटलं होतं. नंतर जे बिघडलं त्याचं मूळ तिथेच होतं, म्हणून आधी तीच गोष्ट सांगते.

मुलगी पाच महिन्यांची होती. मी कामावर रुजू झाले होते आणि दिवसातून दोनदा तिला पावडरचं दूध सुरू होतं. मावशी पन्नाशीच्या, प्रेमळ. बाळ त्यांच्या खांद्यावर गेलं की दोन मिनिटांत शांत व्हायचं. महिन्याने लसीकरणाच्या निमित्ताने वजन केलं तर काटा जेमतेम हललेला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “दूध कोण करतं आणि कसं?” मला उत्तर देता आलं नाही.

संध्याकाळी मी मावशींना म्हटलं, “मावशी, एक बाटली माझ्यासमोर करून दाखवता का?” त्यांनी उकळून ठेवलेलं पाणी १२० मिलीच्या रेघेपर्यंत ओतलं आणि डब्यातल्या चमच्याने पावडर टाकली. फक्त दोन चमचे, तेही अर्धेच भरलेले. “ताई, घट्ट दूध एवढ्याशा पोटाला पचत नाही. आम्ही म्हशीच्या दुधात निम्मं पाणी घालूनच पाजलं सगळ्यांना.”

त्यांच्या अनुभवाप्रमाणे त्या बरोबरच वागत होत्या. म्हशीच्या दुधात पाणी घालायची पद्धत घरोघर होती. पण पावडरचं प्रमाण डब्यावर ठरवून दिलेलं असतं. त्यात पाणी वाढवलं की बाळाचं पोट भरतं पण पोषण होत नाही, आणि पाणी फारच जास्त झालं तर रक्तातलं मिठाचं प्रमाण घसरून झटकेही येऊ शकतात. आमच्या डब्यावर ३० मिलीला एक सपाट चमचा असं लिहिलं होतं, तेही बारीक इंग्रजी अक्षरांत. मावशींना मराठीही जेमतेम वाचता यायचं, आणि मी ते कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री बाटलीवर १२०च्या रेघेला चिकटपट्टी लावली, तिच्यावर मार्करने चार ठळक ठिपके काढले आणि चमचा सुरीच्या पाठीने कसा सपाट करायचा ते दोघींनी मिळून केलं. पुढच्या महिन्यात वजन वाढलं. तुमच्या डब्यावरचं प्रमाण वेगळं असेल तर तुमचे ठिपके वेगळे.

तेव्हापासून माझं एकच सांगणं असतं. तोंडाने सांगू नका, करून दाखवा, आणि मग त्यांना तुमच्यासमोर करू द्या.

काढून ठेवलेल्या दुधाची गफलत

अंगावरचं दूध काढून ठेवत असाल तर बाहेर साधारण २५ अंशांपर्यंतच्या हवेत ते ४ तास टिकतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरात त्यापेक्षा जास्त गरम असतं, त्यामुळे सरळ फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात न ठेवता आत मागच्या बाजूला. तिथे ४ दिवस चालतं. कोमट करायला गरम पाण्याच्या वाटीत बाटली ठेवायची, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही.

खरी अडचण उरलेल्या दुधाची असते. बाळाने तोंड लावलेलं पावडरचं दूध तासाभरात आणि अंगावरचं दोन तासांत ओतून द्यायचं असतं. दूध ओतून देणं आपल्याकडच्या बायकांच्या जिवावर येतं, आणि ते मला समजतं. म्हणून बाटल्या लहान भरा, ६०-६० मिलीच्या. ओतायला फारसं उरतच नाही.

रजा संपत आली की शोधाशोध

प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण त्यातले ८ आठवडे आधीच घेतले असतील तर रुजू होताना बाळ साडेचार महिन्यांचंही नसतं. शेवटच्या आठवड्यात मिळेल ती बाई ठेवली जाते, आणि सगळ्या चुका त्या घाईत होतात. दोन महिने आधी सुरुवात करा. रुजू होण्याआधी निदान दोन आठवडे मावशी आणि तुम्ही एकत्र घरात हव्यात. पहिला आठवडा सगळं बरोबरीने, दुसऱ्या आठवड्यात तुम्ही तासभर बाहेर, मग तीन तास, मग पूर्ण दुपार. दोन आठवड्यांचा पगार वाया गेला असं वाटून घेऊ नका.

आणि हो, ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. बाई शोधण्याआधी ऑफिसात हे एकदा लेखी विचारून घ्या. कितीतरी जणी विचारतच नाहीत.

ब्युरोवर सगळं सोडून देणं

कामाला बाई पुरवणारा ब्युरो माणूस पाठवतो, पण तो माणूस पारखायचं काम आपलंच राहतं. आधीच्या घरी स्वतः फोन करा. “कशा होत्या?” विचारलं की “चांगल्या होत्या” एवढंच कळतं. त्याऐवजी विचारा: तुमचं बाळ तेव्हा किती महिन्यांचं होतं? त्यांनी काम का सोडलं? न सांगता दांडी किती वेळा? पुन्हा ठेवाल का? शेवटच्या प्रश्नानंतर समोरची व्यक्ती किती थांबते तेही ऐका. तीन वर्षांच्या मुलाला सांभाळलेल्या बाईला तीन महिन्यांचं बाळ जमेलच असं नसतं.

बदली बाई किती दिवसांत मिळणार, ब्युरोचे पैसे किती आणि मावशींच्या हातात किती पडणार, हे लिहून घ्या. हातात फार कमी पडत असेल तर त्या टिकणार नाहीत, आणि टिकाव्यात अशी अपेक्षाही धरू नये. माझ्या मते ब्युरोपेक्षा चांगला रस्ता म्हणजे तेल लावायला येणाऱ्या मावशी. त्या रोज चार घरची बाळं हाताळतात, कोण हळुवार आहे आणि कोण आदळआपट करतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आधारची प्रत, फोटो, गावचा पत्ता आणि घरच्या दोघांचे नंबर घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा. पहिल्या भेटीतच सांगा की हे आम्ही सगळ्यांचं करतो. आठवड्यानंतर कागद मागितले की त्यांना तो संशय वाटतो. गावाकडून कोणी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. चौदाच्या आतल्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ पासूनच बंदी आहे, पण त्यापुढच्या वयाच्या मुलीवरही तान्ह्या बाळाची जबाबदारी टाकू नये.

तब्येतीचं विचारायला संकोच

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी व्हायलाच हवी. बीसीजीची लस बाळाला क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, पण लागण होणारच नाही याची हमी देत नाही. छातीचा एक्स-रे तुमच्या खर्चाने, त्यांच्या सोबत जाऊन करा. काही निघालंच तर दार लावून घेऊ नका. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत असतात, तिथवर त्यांना पोचवा.

मुलाखत घेतली, काम पाहिलं नाही

गप्पा मारून काही कळत नाही. एक पूर्ण दिवस पैसे देऊन बोलवा आणि बघा: न सांगता हात धुतात का? उचलताना मानेखाली हात जातो का? लंगोट बदलताना बाळाशी बोलतात का? बाळ अर्धा तास किरकिरलं की चेहरा कसा होतो? मला सर्वांत जास्त या शेवटच्या गोष्टीवरून समजलं.

झोपवतात कसं तेही बघा. बाळ उताणं झोपवायचं, उशीशिवाय. मोहरीची उशी आणि डोक्यापर्यंत ओढलेलं दुपटं आपल्याकडे मायेने केलं जातं, पण त्यात बाळ गुदमरण्याचा धोका असतो. तसंच मध, काजळ, कानात तेल, धुरी हेही नको. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांपर्यंत वरून पाणीही नको, भर उन्हाळ्यातसुद्धा. हे सांगताना “तुमच्या जुन्या पद्धती” असा सूर लावू नका. “डॉक्टरांनी मनाई केलीय” म्हटलं की कोणाचाच मान दुखावत नाही.

घशात काही अडकलं तर तोंडात बोट घालायचं नाही. बाळ खोकतही नसेल, रडूही शकत नसेल तर हातावर पालथं धरून पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी ५ दाब, आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला लावायचा. बाहुलीवर तीनदा करून घ्या. आम्ही जुन्या कापडी बाहुलीवर केलं आणि मावशींनी घरी जाऊन सुनेला शिकवलं.

“तेवढी भांडी पण घासाल का?”

पहिल्या आठवड्यात फक्त बाळ, तिसऱ्यात पोळ्या, महिन्याने लादी. बाळ पलंगावरून पडतं ते अशाच पाच मिनिटांत, मावशी गॅस बंद करायला गेल्या असताना. त्यांची कामं लिहून ठेवा: बाळ, बाळाचे कपडे, बाटल्या, बाळाची खोली. बस. सोबत पगाराची तारीख, आठवड्याची सुटी, आजारपणाची पगारी रजा, दिवाळीचा बोनस. अशाच हक्कांसाठी पुण्यातल्या मोलकरणींना १९८० साली संपावर जावं लागलं होतं. आज राज्यात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. मावशींचं वय १८ ते ६० मध्ये असेल तर नोंदणीसाठी लागणारी मदत करा.

काही खटकायला लागलं तर

बाळ अचानक दिवसभर गाढ झोपायला लागलं आणि उठल्यावरही मलूल वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि मावशींना शांतपणे विचारा, काही औषध दिलंय का. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया कधीकाळी अफूची बाळागोळी देऊन तान्ह्यांना निजवत. आता तीच जागा गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या औषधांनी घेतलेली दिसते. औषधांचा डबा तुमच्या कपाटात, कुलपात.

याउलट सहा-आठ महिन्यांच्या सुमारास बाळ मावशींना पाहून रडायला लागलं तर लगेच वाईट शंका घेऊ नका. त्या वयात परकं-आपलं कळायला लागतं आणि आजीलाही पाहून रडतात. अंगावर वळ, कारण सांगता न येणारी जखम, हात उगारल्यावर दचकणं, यांपैकी काही दिसलं तर मात्र त्याच क्षणी मावशींचं काम बंद.

कॅमेरा लावणार असाल तर सांगून लावा, आणि त्या कपडे बदलतात तिथे कधीच नाही. माझा भरवसा कॅमेऱ्यापेक्षा अधूनमधून दुपारी तीनला घरी येण्यावर जास्त होता.

मावशी एक दिवस येणारच नाहीत, हेही गृहीत धरा. शेजारच्या एका काकूंना बाळाची दुपार कशी जाते ते आधीच दाखवून ठेवा: बाटली कुठे, ठिपके किती, झोपताना कोणतं दुपटं हातात लागतं. आमच्या फ्रीजवर डॉक्टरांचा नंबर, दुधाच्या वेळा आणि त्या चार ठिपक्यांचं चित्र दीड वर्ष चिकटवलेलं होतं.