परदेशात धंद्याचं रजिस्ट्रेशन रिन्यू करताय? या चुका टाळा

रिन्यूअलचा फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो, घोळ त्याच्या आधीच झालेला असतो. परक्या देशात धंदा म्हणजे रजिस्ट्रेशनच्या मागे पासपोर्ट, राहण्याचा परवाना, ऑफिसचा भाडेकरार अशा तारखांची रांग असते आणि आपण मात्र एकच तारीख लक्षात ठेवतो. करार संपलेला असेल तर बऱ्याच ठिकाणी अर्ज पुढे सरकत नाही, आणि राहण्याचा परवानाच त्या धंद्यावर मिळालेला असला की मग बसा, हे आधी की ते आधी.

पासपोर्टचं तर विचारूच नका. नवा पासपोर्ट आला की नंबर बहुतेक वेळा बदलतो, रजिस्ट्रीत बसलेला असतो जुना, आपण फॉर्ममध्ये नवा टाकतो आणि अर्ज परत. आधी तपशील बदलाचा अर्ज, मग रिन्यूअल. जुना पासपोर्ट जपून ठेवा, दोन्ही नंबर तुमचेच हे दाखवायला तोच कामी येतो.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते अपॉस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरे असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का. कागद ज्या देशातला, अपॉस्टिल त्याच देशातून मिळतं, आपण राहतो तिथून नाही, आणि हे लोकांना शेवटच्या आठवड्यात कळतं! १९६१ च्या हेग करारात दोन्ही देश असतील तरच ते चालतं, नाहीतर वकिलातीच्या चकरा. कोणाची तरी जुनी चेकलिस्ट तशीच वापरू नका, चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला, कॅनडात जानेवारी २०२४ पासून, म्हणजे त्याआधीच्या यादीत वकिलातीचा शिक्का लिहिलेला असणारच. भाषांतर अपॉस्टिलनंतर करा, नाहीतर शिक्क्याचं पान राहून जातं आणि तेवढ्यासाठी परत पैसे.

आता माझा शहाणपणा. सर्टिफिकेटवर ०५/०६ होतं, मी आरामात ५ जून धरून बसलो, तिथे महिना आधी लिहितात, तारीख होती ६ मे. दंड भरला. तेव्हापासून कॅलेंडरमध्ये महिना अक्षरात लिहितो.

आणि हो, पोर्टलचा ओटीपी कुठल्या नंबरवर जातो ते आजच लॉगिन करून बघा. बंद पडलेल्या सिमवर जात असेल तर नंबर बदलायलाही बऱ्याचदा त्याच सिमवरचा ओटीपी मागतात, मग प्रत्यक्ष ऑफिसात जाण्याशिवाय इलाज नाही.